कुंपणावरून न दिलेली गोळी

झरी पाड्यातल्या चंद्रिकाचं मन म्हणजे बगळ्यांचा थवा. भाकरी तव्यावर जळायची आणि ही आभाळात असायची. लक्ष टिकावं म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची गोळी दिली, तसा थवा शेतात उतरू लागला.

पाड्यात विळा, मीठ, काहीही कुंपणावरून मागितलं की मिळतं. शेजारची लाडकी म्हणाली, "वयनी, तुझी ती गोळी दे ना. माझ्या निलमची उद्या परीक्षा आहे."

"गोळी नाही देणार गं."

"एका गोळीने भिकेला लागशील?"

चंद्रिकाचा चेहरा उतरला. लाडकीला तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. "माझं वजन, ब्लडप्रेशर बघून दिलीय ती. पोरीच्या छातीत धडधडलं तर? लक्ष लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवू, मी येते सोबत."

लाडकी पाठ फिरवून घरात गेली.

संध्याकाळी औषधाचा असर ओसरला, बगळे पुन्हा उडाले. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, "वयनी, मीठ आहे का?"

चंद्रिका अख्खी बरणीच घेऊन धावली.