न ऐकता दाबलेलं बटण

मठात माझ्याबद्दल जे बोललं जातं, ते खरं नाही. हे सांगायला मी फार उशीर केला. त्या उशिराचा त्रास मला झाला असता तर निमूट सोसला असता, पण तो एका लहान मुलीला झाला. म्हणून आता काही न लपवता लिहितो.

कात्रपला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर महाराजांचा मठ आहे. पादुका, एक मोठी समई आणि पन्नास माणसं दाटीवाटीने बसतील एवढा हॉल. दर गुरुवारी आरती असते. गेली पाच-सहा वर्षं तिथे माझी ख्याती अशी होती की हा माणूस कायम आतल्या आनंदात असतो. हाक मारली तर ओ देत नाही, काही विचारलं तर नुसता हसतो. एकदा तर आरती संपून सगळ्यांनी हात जोडले तरी मी डोळे मिटून झांजा वाजवतच राहिलो. किती वेळ, महाराजच जाणोत. डोळे उघडले तेव्हा दोन बायका पदराने डोळे टिपत होत्या आणि एक आजोबा माझ्या पायाशी वाकले होते. काय झालंय ते मला तेव्हाच कळलं. मी झांजा खाली ठेवल्या आणि मंद हसलो. ते हसू माझं पहिलं खोटं.

खरी गोष्ट साधी होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्रा कापायच्या मशीनशेजारी माझी सव्वीस वर्षं गेली. कंपनी कानात घालायला फोमचे बोळे द्यायची. ते मी घरी आणून देवघरात अगरबत्ती खोचायला वापरले. अगरबत्ती फार छान ताठ उभी राहते त्यात. कान मात्र हळूहळू गेले. आवाज येई, पण शब्द पाण्यात भिजलेल्या कागदासारखे लिबलिबीत होऊन येत. बायकांचं आणि मुलांचं बोलणं तर जवळजवळ पुसूनच गेलं होतं. बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटली. समाधी लागते म्हणवून घ्यायची वाटली नाही, हे आज लिहिताना कसंसंच होतं.

मग लोक मन मोकळं करायला माझ्याकडे यायला लागले. मी मान झुकवून बसायचो, समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की तीनदा मान डोलवायचो आणि म्हणायचो, "महाराजांवर सोडा. वेळ आली की होतं." हे वाक्य कशालाही बसतं. मुलाची नोकरी, सुनेचं भांडण, गुडघेदुखी, काहीही असो. मठाची व्यवस्था बघणारे अण्णा दर गुरुवारी माझ्या कानाशी लागून अर्धा तास काहीतरी सांगायचे आणि हलके होऊन उठायचे. त्यातलं एक अक्षर मला कधी कळलं नाही.

फसली नाही ती फक्त माझी बायको. घरी माझ्याकडे एकच काम होतं: तीन शिट्ट्या झाल्या की कुकरखालचा गॅस बंद करायचा. एके दिवशी डाळीचा कोळसा झाला. मी पुढच्या खोलीत नाम घेत बसलो होतो. ती माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहिली आणि शेजारच्या विंगेतही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "अहो, महाराजांचं ऐकू येतं आणि कुकरचं येत नाही? समाधी मठात लावा, माझ्या डाळीवर नको. शुक्रवारी कंपनीला सुट्टी आहे ना? उल्हासनगरला कान तपासतात. गुपचूप चला."

गेलो. माझ्या मनात होतं की एकदा तपासून 'ठीक आहे' म्हणवून घ्यावं आणि विषय मिटवावा. तपासणारी पंचविशीतली एक सिंधी मुलगी होती. तिने मला फ्रिजसारखं जाड दार असलेल्या एका छोट्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि हातात वायरवालं बटण दिलं. कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं, असं खुणेने समजावलं आणि दार लावून ती काचेपलीकडे गेली.

आता भक्तमंडळींना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे जप मोजायचं एक छोटं यंत्र असतं. अंगठीसारखं बोटात घालायचं, एक नाम झालं की अंगठ्याने बटण दाबायचं, आकडा पुढे सरकतो. ते माझ्या बोटात कित्येक वर्षं आहे. त्या खोलीतली शांतता, हातातलं तसंच बटण, वर मी डोळे मिटलेले. अंगठ्याने आपलं काम सुरू केलं. नाम, बटण. नाम, बटण. इतकी सुंदर तंद्री मला मठातसुद्धा कधी लागली नव्हती.

खांद्यावर हात पडला तेव्हा डोळे उघडले. ती मुलगी माझ्यासमोर स्टूल ओढून, चेहरा नीट दिसेल अशी बसली होती. सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "काका, मी तर अजून मशीन चालूच नाही केली. आप किसको जवाब दे रहे हो?"

काचेपलीकडे बायको कपाळाला हात लावून बसली होती.

"नाम घेत होतो," मी म्हणालो. "अंगठ्याला सवय आहे."

मला वाटलं, आता हसेल. तिने विचारलं, "कितने हुए?"

"नव्वदच्या पुढे गेले असतील."

"मग एकशे आठ करून घ्या. मी थांबते."

आणि ती खरंच थांबली. बाहेर चार पेशंट बसले होते, तरी मांडीवर हात ठेवून, मोबाइलकडे न बघता, माझं उरलेलं नाम होईपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "आता मनात नाम घ्या, पण अंगठा मला द्या. आवाज आला तरच दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं, त्यात लाज नाही. न ऐकता दाबलं तर मला कळणार कसं, तुम्हाला काय ऐकू येत नाही ते?"

तपासणी झाल्यावर तिने कागदावरची उतरती रेघ दाखवली. "तुम्हाला आवाज कळतो, बोलणं कळत नाही. लोक पुटपुटतात असं वाटतं. मग तुम्ही मान हलवता. हो ना?" पहिल्या दोन गोष्टी त्या रेघेवरून कळत असतील. तिसरी मी जगात कुणालाही सांगितली नव्हती. मठात कुणी असं मनातलं ओळखलं असतं तर मी तिथेच लोटांगण घातलं असतं. इथे फक्त डोळ्यांत पाणी आलं आणि चष्मा पुसायचं निमित्त केलं.

आठ दिवसांसाठी तिने कानाची मशीनं लावून दिली, वापरून बघा म्हणाली. बाहेर पडलो तर माझ्याच चपलांचा आवाज माझ्यामागून येत होता. रिक्षात बायको बाहेर बघत माझ्याबद्दल काहीतरी पुटपुटत होती. बहुधा गेली सहा वर्षं पुटपुटत असावी. मी म्हटलं, "ऐकू येतंय." ती थेट घर येईपर्यंत गप्प होती.

एवढं होऊनही माझा भित्रेपणा गेला नाही. पुढच्या गुरुवारी मी कान झाकणारी लोकरीची टोपी घालून मठात गेलो. एप्रिल महिना होता. "काय हे वैराग्य, उकाडासुद्धा जाणवत नाही," असं कुणीतरी म्हणालं. ते मला स्वच्छ ऐकू आलं.

आरतीनंतर चामटोलीची वनिता समोर येऊन बसली. मठात झाडलोट करून जाणारी बाई, कडेवर तिची तीन वर्षांची तन्वी. वनिता माझ्याशी पूर्वीही बोललेली होती. काय, ते मला माहीत नव्हतं. तिचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला.

"काका, मी बोलले होते ना, पोर बोलत नाय म्हणून. डॉक्टरनी कान तपासाया लिहून दिलं होतं. सासू म्हणली, हिचा बापपण उशिराच बोलला. मंग तुमाला विचारलं, जाऊ का थांबू? तुमी म्हणलात, वेळ आली की होतं. तवापासून ती चिठ्ठी देवाजवळ ठेवलीय. आठ महिने झाले. पण मागं ताट पडलं तरी पोर वळत नाय, काका. अजून किती थांबू?"

सांगायला लाज वाटते, पण माझी मान डोलायला लागली होती. एकदा डोललीही. तोंडात ते वाक्य येऊन बसलं होतं. आणि कान तपासणाऱ्या त्या मुलीचे शब्द आठवले: न ऐकता दाबलं तर. मी आठ महिन्यांपूर्वी न ऐकता बटण दाबलं होतं, आणि एका आईने त्याला महाराजांचं उत्तर समजून लेकीचे आठ महिने वाट बघण्यात घालवले होते.

मी उठून उभा राहिलो, टोपी काढली, कानातलं मशीन तळहातावर घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं: मला समाधी लागत नाही. मला ऐकू येत नाही. तुम्ही जे जे सांगितलंत त्यातलं मी काहीही ऐकलेलं नाही.

मग मागून एक बाई हात जोडून म्हणाल्या, "बघा, केवढी ही नम्रता!" मला रडावं की हसावं कळेना. मी मशीन परत कानात घालून पुन्हा सगळं सांगितलं. तेव्हा अण्णा पुढे आले. चेहरा पांढराफटक. "म्हणजे मी इतकी वर्षं घरातलं जे सांगत होतो…"

"एक शब्द नाही ऐकला, अण्णा. माफ करा."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं!" म्हणाले.

सगळे हसले. वनिता हसली नाही. तिने विचारलं, "मंग मी थांबले ती कुणाच्या सांगण्यावर?"

मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चल. चिठ्ठी घेऊन ये." सकाळी ती बिल्डिंगखाली उभी होती.

तन्वीला झोपवून तपासलं. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं, पण अगदीच नाही असं नव्हतं. तपासणारी मुलगी म्हणाली, "उशीर झालाय. पण आता एक आठवडासुद्धा घालवायचा नाही." वनिताकडे बघून म्हणाली, माझ्याकडे नाही. माझ्या वाट्याचा टोला मला त्यातच मिळाला. इवलीशी गुलाबी मशीनं आली, बोलायला शिकवणं सुरू झालं. दर शुक्रवारी मी त्या दोघींना घेऊन जातो. पहिले तीन शुक्रवार वनिता माझ्याशी बोलली नाही. चौथ्या शुक्रवारी म्हणाली, "काका, टोपी नका घालू, घाम किती येतोय."

परवा तन्वीची मोठ्या माणसांसारखी तपासणी झाली. लहान मुलांना बटण देत नाहीत, लाकडी ठोकळा देतात. ठोकळा गालाशी धरून बसायचं आणि आवाज आला की डब्यात टाकायचा. मी काचेच्या अलीकडे वनिताजवळ उभा होतो. तन्वी ठोकळा धरून बसली. वेळ जात होता. माझाच अंगठा खिशात वळवळायला लागला. टाक की ग पोरी, असं मनात येत होतं. ती हलली नाही. हात तयार, डोळे मोठे, पण ऐकू आलं नाही म्हणून टाकला नाही. मग मशीनवरचा आवाजाचा काटा थोडा सरकला. तिच्या भुवया वर गेल्या आणि ठोकळा डब्यात पडला. ती मागे वळून आईकडे बघत हसली. वनिताने माझा दंड इतका घट्ट पकडला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

सगळं महाराजांवर सोडलंय, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. खरं तर मी कधी थांबलोच नव्हतो. उत्तर यायच्या आधीच अंगठा दाबून मोकळा होत होतो. थांबणं म्हणजे काय, ते मला तन्वीने दाखवलं. महाराजांनी एक काच, एक ठोकळा आणि माझं इतकं ऐकून घेणारी एक अनोळखी मुलगी माझ्यासाठी ठेवली होती. त्यांचे उपकार मी कोणत्या तोंडाने मानू?

लोक अजूनही गुरुवारी माझ्याकडे येतात, जरा कमी येतात. अण्णा आता लांब बसतात. मी जपाचं यंत्र घरी ठेवून जातो. कुणी बोललं आणि कळलं नाही, तर हात वर करून म्हणतो, "थांबा, नाही ऐकू आलं. पुन्हा सांगा."