आत्याचा हात आणि चिडक्या पेशी

आमची आत्या दार उघडत नाही, दारावर चाल करून जाते. तिनं डबा ठेवला तरी टेबल दचकतं. अशी ही बाई प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढते आणि त्यांच्यावर जंतू सोडते! पेशी चवताळल्या की बशीतलं रसायन चमकतं आणि यंत्राच्या पडद्यावर रेघ वर चढते. काही बशांत जंतू घालायचेच नसतात. तिथली रेघ आडवी पडून राहिली, तरच बाकीची चमक जंतूंमुळे आली असं म्हणता येतं.

आत्याच्या सगळ्याच रेघा वर!

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम नाकात बोलतात. "अगंऽ, यांना जंतू दाखवलेच नाहीत. मग या चिडल्या कुणावर?"

"माझ्यावर असतील," आत्या पुटपुटली.

"शुक्रवारी पुन्हा असं झालं तर पेशी चष्मिसकडे, आणि तू बाटल्या धुवायला."

चष्मिस म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. आत्यानं एकाच माणसाचं रक्त त्याच्यासोबत निम्मं-निम्मं वाटून घेतलं. त्याच्या बिनजंतूच्या बशा गपगार, हिच्या पेटलेल्या. म्हणजे रक्त बरं होतं, खोट हातात होती. ही नळ्या गदागदा हलवायची आणि पेशी जंतू दिसायच्या आधीच भांडून मोकळ्या!

मग घरी सराव. ड्रॉपरनं पेल्याच्या कडेकडेनं पाणी सोडायचं, बुडबुडा आला की पुन्हा पहिल्यापासून. दारंसुद्धा अलगद लावायला लागली, तसे आजोबा घाबरले. "पोरी, तापबिप आलाय का?"

शुक्रवार. आत्यानं नळी हलवली नाही, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी नुसती कलती केली. बिनजंतूची रेघ आडवी. तशीच आडवी! जंतूंची रेघ मात्र निघाली ती सुसाट. सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी वळली, अंगाचाच एक पदर पुढे काढला आणि समोरचा जंतू गट्टम!

"हंऽ," मॅडम म्हणाल्या, "बाटल्या दुसरं कुणीतरी धुवेल."

आत्यानं व्हरांड्यात येऊन माझ्या आईला फोन लावला.

"वहिनी, खाल्ले! खाल्ले!"

"कुणी? काय खाल्लं?"

"जंतू! माझ्या पेशींनी!"

"शी! जेवतेय मी!"

"जेव, जेव! त्यांचंही आत्ताच झालंय!"