कुत्र्यांनी मला जळकोटला पोचवलं

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं विकली आणि कुत्री तेवढी राहिली. खुब्याचं हाड मोडल्यावर डॉक्टरांनी रानात हिंडायचं नाही म्हणून बजावलं होतं. भाऊ कारखान्यावर, मी धाराशिवला दवाखान्यात नर्स. मेंढरांमागं जाणार कोण? एका सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो बेंबळीला आमच्या दारात लागला, मेंढरं भरली आणि गेला. कुत्र्यांचा विचार कुणी केलाच नव्हता. दोन होती. काळं दांडगं, आणि तांबडी वयानं मोठी, डोक्यानंही.

आठवडाभर दोघं मेंढरांच्या रिकाम्या वाडग्यात बसून राहिली. मग त्यांनी आपलं आपणच काम शोधलं. शाळा सुटली की गल्लीतली पोरं गोळा करायची, मारुतीच्या देवळाच्या भिंतीला नेऊन लावायची आणि दोन बाजूंना दोघं बसायची. लोक आधी पोट धरून हसले. बायका म्हणायच्या, बरं झालं बाई, पोरं हुडकत फिरायला नको. पण एका संध्याकाळी एक पोरगं घोळक्यातून सुटून पळालं. काळ्यानं पळत्या मेंढीचं जे करतात तेच केलं, टाच धरली. दात नुसता लागला होता. इंजेक्शनला मीच घेऊन गेले. तरी दुसऱ्या दिवशी पोराचा बाप दारात आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "आण्णा, तुमचा मान हाय म्हणून सांगायलोय. परत गल्लीत दिसली तर औषध टाकीन."

तो टाकणार हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आरडाओरडा करणारा माणूस परवडला. आण्णांनी कुत्री बांधली, तर दोघांनी भाकरीला तोंड लावायचं सोडलं.

माझी आत्या जळकोटकडं असते. तिच्याकडं अजून मेंढरं आहेत. तिचं कुत्रं उन्हाळ्यात मेलं, तेव्हापासून लांडगा कोकरं न्यायला लागला होता. म्हणजे तिला कुत्री हवी होती आणि आमच्या कुत्र्यांना मेंढरं. तिथं टिकली तर जगतील. परत फिरली, तर बेंबळीत त्यांच्यासाठी औषधच होतं.

"पिकअप सांगू का?" मी आण्णांना विचारलं.

"गाडीतनं नेलेल्या कुत्र्याला आपून कुठं आलो ते कळतच न्हाय. उतरलं की घर हुडकत सुटतंय, आन् हायवेला गाडीखाली जातंय. पायी न्यायाचं. मग त्येला कळतंय, आपून आलो."

"आणि वाट पाठ झाल्यावर माघारी आलं तर?"

"काम मिळाल्यावर कशाला येतंय?"

गल्ली नेमकं उलटं सांगत होती. पोत्यात घाला, गाडीत टाका, लांब सोडा, वाट दिसता कामा नये. आण्णांना हे सांगून उपयोग नव्हता. ते काठी धरून उठायलाच लागले, मीच जातो म्हणून. त्यांचं एक पाऊल पडत नव्हतं, आणि निघाले जळकोटला! माझं डोकंच फिरलं. शेवटी रजा टाकली ती मी. कारण काय सांगायचं? घरगुती अडचण, एवढंच सांगितलं.

पाऊस झडीचा होता. चार दिवस उघडीप नव्हती. सोयाबीनच्या सऱ्यांतून पाणी उभं होतं आणि रस्ता कुठं संपतो, शेत कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. मी रेनकोट घातला आणि त्यावर युरियाच्या पोत्याची खोळ घेतली. निघताना आण्णांनी कुत्र्यांच्या गळ्यातल्या दोऱ्या सोडून आपल्या हातात घेतल्या. म्हणाले, "धरून नेऊ नगंस. चालत्यात ती." मग त्यांनी कुत्र्यांकडं पाहिलंच नाही, भिंतीकडं तोंड करून बसले.

गावाबाहेर पडलो आणि काळं पुढं झालं, तांबडी मागं. मला वाटलं, शहाणी आहेत, नीट चालतायत. तासाभरानं लक्षात आलं की प्रकार वेगळाच आहे. चिखल चुकवायला मी डांबराच्या मध्याकडं सरकले की तांबडी खांद्यानं ढकलून मला कडेला आणायची. फोन बघायला थांबले की चपलेच्या मागच्या पट्ट्याला दात लावायची. हळू चालले तर मागून ओलं नाक पोटरीला. "अगं ए, मी काय मेंढी हाय का?" मी भर पावसात ओरडले. शेजारून मोटारसायकलवर जाणारे नवराबायको वळून बघायला लागले. तांबडीनं मान हलवून अंगावरचं पाणी माझ्यावर उडवलं आणि परत मागं जाऊन उभी राहिली.

मग मी नाद सोडला. त्यांच्या हिशेबी एकच जनावर उरलं होतं आणि ते मी होते.

दुपारी एक ओढा आडवा आला. फरशी पुलावरून पाणी वाहत होतं, घोट्याएवढं असेल. काळं काठावर आडवं उभं राहिलं ते हलेना. मी शिव्या दिल्या, चुचकारलं, बिस्किटाचा पुडा दाखवला. नाही म्हणजे नाही. तेवढ्यात एक म्हातारा धोतर वर खोचून आमच्यादेखत आरामात पलीकडं गेला आणि जाताना म्हणाला, "बाई, पाणी न्हाय ओ एवढं." मला माहीत होतं, पण कुत्र्याला कोण सांगणार? तिथं बाभळीखाली भिजत बसले. पाणी काही वाढलं नाही, वाईटही काही झालं नाही. पाणी ओसरल्यावर साहेबांनी परवानगी दिली आणि आम्ही निघालो.

मुक्काम एका आशाताईच्या घरी केला. दवाखान्याच्या कामामुळं ओळख होती. तिनं कुत्र्यांना गोठ्यात जागा दिली. सकाळी गलका ऐकून बाहेर आले तर गोठ्याच्या कोपऱ्यात तिच्या शेळ्या, शिवाय शेजारणीच्याही, दावी ओढत आणलेल्या. दारात दोघं ऐटीत बसलेली. शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "ह्ये कसले पावणे आणलेस गं?" आशाताई हसून हसून बेजार. मी मात्र चहासुद्धा न घेता निघाले, लाज वाटली.

नळदुर्गला हायवे लागला. ट्रकच्या चाकांतून उडणारं पाणी तोंडावर यायचं, समोरचं दिसायचं नाही. तिथं मला खरी भीती वाटली, आणि ती स्वतःची नव्हती. कुत्री अगदी पायाला चिकटून चालत होती. ट्रक आला की तांबडी माझ्या आणि ट्रकच्या मध्ये यायची. तिला मी आतल्या बाजूला ओढायचे, ती परत बाहेरच्या बाजूला. जळकोटपर्यंत आमची हीच मारामारी.

आत्याची मेंढरं गावाबाहेर माळावर बसली होती. कुत्र्यांना वास आला तसं काळं पळत गेलं आणि थांबलं. तांबडी मात्र माझ्या मागंच. मला सरळ मेंढरांकडं घेऊन गेली, बाजूला सरकू देईना. बघता बघता मी ओल्या मेंढरांच्या मधोमध चिखलात उभी आणि दोघं गोल फिरून घेर आवळायला लागली. आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "आत्ता गं बया! भाची आली म्हणलं तर मेंढरात घातली की गं तुला!" त्या संध्याकाळी दोघांनी तिच्या हातची भाकरी चटाचटा खाल्ली. मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

खरी परीक्षा सकाळी होती. मी पिशवी उचलून निघाले तशी तांबडी आडवी आली. बाजूनं गेले, पुन्हा आडवी. खांद्यानं ढकलून मला माघारी वळवायला लागली. रागावले तरी ऐकेना. आता ही माझ्यामागं एसटी स्टँडपर्यंत येणार, तिथून बेंबळीपर्यंत येणार, आणि पुढचं मला दिसायला लागलं.

"थांब तू," आत्या म्हणाली. "ओरडू नगं. नुसती चालत ऱ्हा."

तिनं वेळेच्या आधीच वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, उचलली. मेंढरं सुटली ती थेट शेजारच्या उडदाकडं. काळं एका अंगानं धावलं. दुसरं अंग मोकळं होतं. तांबडीनं तिकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत तिकडं पाहिलं. मी चालत राहिले. मग ती पळाली, मेंढरांकडं. मी रस्त्याला लागेपर्यंत एकदाही आली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दवाखान्यात रडणं बाजूला ठेवायची सवय आहे मला, ती तिथं उपयोगी पडली नाही.

स्टँडवर पोचून आण्णांना फोन केला. "ऱ्हायली," म्हणलं.

"तुला जाऊ दिलं?"

"दिलं."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी उगाच चिडले. "दोन दिवस पोरगी पावसात चालतीय, हायवेनं. एक फोन न्हाय केलात तुम्ही!"

"कुत्री हुती की संगं," ते म्हणाले. "आता एकली हाईस. नीट ये."

एसटीत बसले तोवर त्यांचा फोन आला, बसलीस का. नळदुर्ग गेल्यावर आला. तुळजापूरला गाडी बदलताना आला. धाराशिवच्या अलीकडं आला तेव्हा गाडीत गर्दी होती आणि मी उभी होते, तरी उचलला.