बाटल्या वेचून योगासनं

योगा करणाऱ्याला दारूचं काही वाटत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांत माझा चुलतभाऊ पहिला.

व्यसनमुक्ती केंद्रात मी चार महिने होतो. डॉक्टरांच्या गोळ्या, समुपदेशन आणि रोज सकाळी योग. तिथल्या योगाच्या बाईंनी एक गोष्ट पक्की शिकवली. तल्लफ आली की तिच्याशी भांडायचं नाही, बसायचं आणि श्वास लांब सोडायचा. ती येते तशी जाते. सुरुवातीला शवासनाच्या दहा मिनिटांत डोळे मिटले की मला गुत्त्यातला बाक दिसायचा आणि मी बाईंवर खेकसायचो. तरी त्या दहा मिनिटांनी मला कितीदा तरी वाचवलं. साधू मात्र केलं नाही, हे लोकांना कळत नाही.

घरी आलो तोवर भावानं पवनानगरला धरणाकाठी तंबू थाटले होते. पाटीवर 'मनःशांती'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. शनिवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे येत, ढोसत, आणि रविवारी सकाळी नशा उतरवायला त्यांना योगा लागे. ते काम भावानं मला दिलं. कालपर्यंत मला बेवडा म्हणणारा हा माणूस आता योगगुरू म्हणून माझी ओळख करून देऊ लागला. मला कामाची गरज होती, मी हो म्हणालो.

पण मॅट अंथरण्याआधी तिथल्या बाटल्या मलाच उचलाव्या लागत. काहींत दोन बोटं दारू शिल्लक असायची. दुसरा माणूस लाव, असं भावाला तीनदा सांगितलं. एवढ्याशा कामाला माणूस कशाला, म्हणाला.

एका रविवारी अर्धी भरलेली बाटली सापडली, झाकण उघडं. माझा हात तिच्यावरून निघेना. पाहुणे चहा पीत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिथंच मांडी घातली, श्वास मोजले. तीस झाले, चाळीस झाले, हात बाटलीवरच होता. न पिता काढलेले अकरा महिने एका घोटात जाणार होते. शेवटी भावाला हाक मारली आणि सांगितलं, ही उचल, नाहीतर मी चाललो.

तो पाहुण्यांसमोर हसला. "येवढा योगा शिकिवतोस आन् बाटलीला भितोस व्हय?"

"व्हय, भितो. भितो म्हून तर योगा करतो."

पाहुणे खाली बघू लागले. त्यानं बाटली उचलली नाहीच. मी मॅट गुंडाळलेल्याच टाकल्या आणि जीप पकडली. वाटभर त्याला मनात शिव्या घालत होतो. थोड्या स्वतःलाही, कारण ती बाटली अजून डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

दहाच्या आत घरी पोचलो. रविवारी मी इतक्या लवकर कधी येत नसे. बायको दारातच थबकली, मग काही न विचारता अगदी जवळ आली. त्या सकाळी तेवढं एकच माणूस होतं ज्याचा मला राग आला नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि तिनं त्याचा वास घेतला.