गिरणीतलं मत

आमच्या घरात दोन पक्ष होते. बाबा पांढऱ्या टोपीवाल्यांचे, काका लाल बावटेवाल्यांचा. दोघं पनवेलच्या एकाच भातगिरणीत हमाल. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले होते. मी नि आई तिथेच भात पाखडायला जायचो.

बाबा स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाऊन आलेले. काका त्यांना जेवताना डिवचायचा, "दादा, गिरणीचा शेठ टोपी घालतो, तू पन टोपीच घालतो. मंग भांडायचा कोनाशी?"

"राज्य आता आपला हाय. जरा दम धर," बाबा म्हणायचे.

एका दुपारी गिरणीचा पट्टा निसटला. इंजिन थांबवलं तर वेळ जातो, म्हणून मुकादमानं काकाला चालत्या चाकावर पट्टा चढवायला लावलं. काकाची किंकाळी मी सुपावरून ऐकली. उजवा हात कोपरापासून गेला.

भरपाई मागितली तर शेठनं हात वर केले. मग बाबा टोपी घालून, मला सोबत घेऊन, तुरुंगात बरोबर असलेल्या पुढाऱ्याकडे गेले. त्यानं ओट्यावरच बसा म्हटलं. "चालत्या पट्ट्याला हात लावतं का कुणी? आणि तुमचा भाऊ तर बावटेवाल्यांचा."

"साहेब, आपून एका बराकीत होतो."

"म्हणून तर बसा म्हटलं."

येताना बाबांनी टोपी काढून खिशात घातली.

बावटेवाले मात्र धावून आले. गिरणीच्या फाटकाशी सभा घेतली, काकाला टेबलावर उभं करून त्याचा थोटा हात लोकांना दाखवला. बायका रडल्या. मग निवडणूक होईपर्यंत गावोगाव तेच. भरपाईसाठी झगडू म्हणाले, पण अर्ज काही कुणी लिहिला नाही.

मतदान शाळेत होतं. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर त्याचं चिन्ह. बाबा बोडक्या डोक्यानं आले. बाहेर पडल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "बावट्याला दिला." मीही तिथंच दिलं होतं. काका मात्र पडद्याआडून लगेच परतला. मतपत्रिका त्याच्या खिशातच होती.

"कुनालाच नाय?" बाबांनी विचारलं.

"टोपीवाल्यांना मी दिसत नाय. बावटेवाल्यांना माझा हातच दिसतो."

बावटेवाला निवडून आला. आठवड्याभरात मुकादमाला बाबांचं मत कुठूनसं कळलं आणि बाबांचं काम गेलं. आईला नि मला ठेवलं. बायकांची मजुरी स्वस्त होती. नवे आमदार एकदा दारावर आले, बाबांचं नाव लिहून घेऊन गेले.

काका पुढं मिठागरावर राखणीला राहिला. पुढच्या उन्हाळ्यात तापानं गेला. मयताला दोन्ही पक्षांची माणसं आली, वेगवेगळी उभी राहिली. गिरणी चालूच होती. पुरा खाडा पडू नये म्हणून दुपारी मी कामावर गेले.