दूधकट्ट्यावरचा फेस
बाळांनो, परवा तुम्ही पाठवलेल्या फोटोत कॉफीच्या फेसावर बदाम काढलेला पाहिला आणि मला मंगळवार पेठेतला दूधकट्टा आठवला. तेव्हा मी कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि दर रविवारी इथल्या एका दैनिकात सर्वांना समजेल असा विज्ञानाचा लेख लिहायची. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या असत आणि गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून कोमट, फेसाळ दूध पेल्यात देत. एका लेखात मी लिहिलं, की पेल्यातला वरचा फेस म्हणजे निव्वळ हवा. दुसऱ्याच दिवशी कट्ट्यावरून घरी जाताना मला ओळखणाऱ्या एका गवळ्यानं हाक मारली. "बाई, तुमचा लेख वाचून गिऱ्हाईक फेस बसंपर्यंत थांबतंय आन् मग दूध गार झालं म्हणून परत देतंय की! तुमी कधी पिऊन बघितलंय काय?" बायका कट्ट्यावर थांबत नसत. मी नाही म्हणाले. "न्हाय? मग लिवलं कसं?" त्यानं भरला पेला पुढं केला. सगळा कट्टा बघत होता. मी तिथंच उभी राहून प्याले, ओठांवर मिशी उमटली आणि लोक हसले. पुढच्या रविवारी मी लिहिलं, की फेस हवाच असतो, पण कट्ट्यावरचं दूध तो बसायच्या आत प्यायचं असतं. माझीच चूक झाली, हेही त्यात कबूल केलं. तो लेख गवळ्यानं कट्ट्याच्या भिंतीवर खळीनं चिकटवला. पुढं माझी पुस्तकं निघाली, पण इतका मोठा मान मला पुन्हा मिळाला नाही, असं आजही वाटतं.