चालू कोणाचं आहे?

कोथरूडच्या आमच्या ऑफिसात सकाळी सगळ्या संगणकांना नेटवर्कवरचे नवे पत्ते दिले गेले आणि दुपारी जो तो प्रिंटर सापडत नाही म्हणू लागला. चारच्या आत टेंडर छापायचं होतं. दुरुस्तीला आलेल्या बाई खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. हेल्मेट काखेत धरून तक्रारी ऐकत राहिल्या.

"अहो, बंद काय ते सगळेच सांगतात. चालू कोणाचं आहे?"

पाहिलं तर फक्त माझं. जेवायला जाताना मी संगणक बंद करून त्यावर कापड घालतो. ऑफिस रोज हसतं, तरी मी बाईंना ते सांगितलं.

"बाकीचे जुनाच पत्ता धरून बसलेत. या काकांसारखं एकदा बंद करून चालू करा."

पाच मिनिटांत प्रिंटर खडखडला. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी स्वतःचा संगणक बंद केला आणि मला विचारलं, "कापड कुठं मिळतं हो?"